तंतू, सत्त्व, हृद्य आणि वनस्पती : म्हसळ्याच्या आहारातील वनस्पतिद्रव्ये व हृदयाचे आरोग्य

१. प्रास्ताविक

आहारशास्त्र हा भाषेच्या अभ्यासकाचा विषय नव्हे, ही गोष्ट आरंभीच मान्य करणे उचित होईल. तथापि कोणतेही शास्त्र प्रयोगशाळेतून निघून स्वयंपाकघरात शिरते, तेव्हा ते भाषेच्या दारातूनच शिरते. हे दार अरुंद असेल, तर शास्त्र बाहेरच राहते. या विधानाचा प्रत्यय प्रस्तुत लेखकास सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आपल्या आजोळी, म्हसळ्यास आला. मावशीचे यजमान हृदयविकाराच्या झटक्यातून सावरून एका रुग्णालयातून घरी आले, त्या वेळी त्यांच्यासमवेत आहारविषयक सूचनांचा एक छापील कागद आला होता. कागद शुद्ध मराठीत होता. 'तंतुमय पदार्थ भरपूर घ्यावेत' ही त्यातील पहिली सूचना, आणि 'प्राणिज स्निग्धांऐवजी वनस्पतिजन्य स्निग्धांस प्राधान्य द्यावे' ही दुसरी.

मावशीने दोन्ही सूचना निष्ठेने पाळल्या. तंतुमय म्हणजे ज्यात दोरे असतात ते, असा अर्थ करून तिने शेवग्याच्या शेंगा आणि कुयरीची भाजी यांचा सपाटा लावला. घरातील नाचणी, कुळीथ आणि वाल मात्र 'ह्यांत दोरे कुठे आहेत?' म्हणून डब्यातच राहिले. दुसऱ्या सूचनेबरहुकूम तिने घरचे साजूक तूप बंद केले आणि बाजारातून वनस्पती तुपाचा डबा आणविला. पहिली सूचना अशा रीतीने निम्मी वाया गेली, व दुसरी नेमकी उलट फळास आली. यात मावशीची चूक कोणती, याचा विचार करता लेखकास एकच उत्तर मिळाले : तिने मराठी शब्दांचा मराठी अर्थ घेतला.

प्रस्तुत लेखात तंतू, सत्त्व, हृद्य आणि वनस्पती या चार शब्दांच्या आधाराने वनस्पतिजन्य आहारद्रव्यांचा हृदयाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. विषयाची निकड सांगण्यास एक आकडा पुरेसा आहे. डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या, १९५२ साली नव्हे तर आपल्या काळात, म्हणजे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' या संशोधनातील दक्षिण आशियाई रुग्णांचे विश्लेषण २००७ मध्ये करण्यात आले. त्यात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्यमान वय दक्षिण आशियात ५३ वर्षे, तर अन्यत्र सुमारे ५९ वर्षे आढळले. रोज फळे व भाज्या न खाणे हा मूळ संशोधनात निश्चित केलेल्या नऊ प्रमुख धोक्यांपैकी एक होता.

२. तंतू आणि चोथा

म्हसळा हे रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यातील, तालुक्याचे ठिकाण राजपुरीच्या खाडीच्या शिरोभागी वसले आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानात मोडत असे. खलाटीत भात, वरकस जमिनीत नाचणी व वरी, भात कापल्यावर ओलीवर वाल, परसात केळ, नारळ, शेवगा आणि रातांबा, आणि खाडीची मासळी, अशी येथील आहाराची परंपरागत मांडणी आहे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळे आणि कंटोळी या रानभाज्यांची तीत भर पडते.

आता 'तंतू' हा शब्द पाहू. संस्कृत 'तन्', म्हणजे ताणणे, या धातूपासून आलेला हा शब्द मागावरील धाग्याचा आहे. आहारशास्त्रातील 'फायबर' या संज्ञेसाठी तो योजण्यात आला, कारण मूळ इंग्रजी शब्दाचाही अर्थ धागा असाच आहे. परंतु शास्त्राला अभिप्रेत असलेली वस्तू धाग्यासारखी असतेच असे नाही. मनुष्याच्या लहान आतड्यातील पाचकरसांना जी वनस्पतिजन्य कर्बोदके फोडता येत नाहीत, ती सर्व या संज्ञेत येतात. त्यांतील काही पाण्यात विरघळत नाहीत. धान्याचा कोंडा व भाज्यांचे शिरांचे भाग हे त्यांचे उदाहरण होय. काही मात्र पाण्यात विरघळून चिकट, बुळबुळीत राब होतात. भेंडीचा बुळबुळीतपणा, भिजविलेल्या मेथीदाण्यांची चिकटी आणि इसबगोलाची खळ ही त्यांची रूपे सर्वपरिचित आहेत. हृदयाच्या दृष्टीने हा दुसरा वर्ग विशेष महत्त्वाचा आहे, आणि नेमक्या त्याच वर्गात एकही धागा डोळ्यांस दिसत नाही!

या चिकट द्रव्याचे कार्य असे चालते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते व स्निग्धांच्या पचनासाठी ती आतड्यात सोडते. काम झाल्यावर त्यांतील बहुतांश पित्ताम्ले आतड्याच्या शेवटच्या भागातून पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. विरघळणारे तंतू त्यांना वाटेत अडवितात आणि मलावाटे बाहेर नेतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल उचलावे लागते, आणि रक्तवाहिन्यांत साचणारा जो अहितकर अंश, म्हणजे एल्. डी. एल्., त्याचे प्रमाण उतरते. ओटमधील अशा तंतूचा दररोज ३ ग्रॅम इतका अंश पोटात गेल्यास लाभ होतो, हे मान्य करून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये तसा उल्लेख वेष्टनावर करण्यास परवानगी दिली. १९९८ मध्ये तीच मुभा इसबगोलास मिळाली. इसबगोल हा आपल्याकडील घरगुती पदार्थ होय. त्याच्या फारसी नावाचा अर्थ 'घोड्याचा कान' असा सांगितला जातो. बीजाच्या आकारावरून पडलेल्या या नावातही धागा नाही.

लोकभाषेत या सर्व वस्तूंसाठी एक जुना शब्द आहे, तो म्हणजे 'चोथा'. मात्र या शब्दात तुच्छता भरलेली आहे. रस काढून घेतल्यावर जे टाकावयाचे, ते चोथा. तांदळाच्या बाबतीत ही तुच्छता क्रियापदातही उतरली आहे. मराठीत 'सडणे' ही दोन क्रियापदे आहेत. एक अकर्मक, कुजणे या अर्थाचे. दुसरे सकर्मक, उखळात मुसळाने कांडून तांदळाचा कोंडा काढणे या अर्थाचे. तांदूळ जितका अधिक सडावा, तितका तो पांढरा व प्रतिष्ठित ठरतो. हातसडीचा, एकसडी, असडीक ही विशेषणे तांदूळ किती कोंडा राखून आहे हे अचूक सांगतात. परंतु भातगिरणी गावात आल्यापासून ती वृद्धांच्याच तोंडी उरली आहेत. लाभहानीचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे २.८ ग्रॅम, कोंडा राखलेल्या तांदळात सुमारे ४.४ ग्रॅम, तर नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतुद्रव्ये असतात. नाचणीतील तंतू बव्हंशी न विरघळणारे आहेत. ते पोट भरल्याची जाणीव लवकर देतात आणि रक्तातील साखर सावकाश चढू देतात. विरघळणाऱ्या तंतूंसाठी तिच्या जोडीला वाल, मसूर, कुळीथ यांसारखी कडधान्ये हवीत. नाचणीची भाकरी व कुळथाची पिठी ही जुनी जोडी या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

तंतुद्रव्यांवरील दीर्घकालीन संशोधनांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. सर्वांत कमी तंतुद्रव्ये घेणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत अधिक घेणाऱ्यांमध्ये हृद्रोगाने होणारे मृत्यू १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले, आणि लाभ रोज २५ ते २९ ग्रॅम या मर्यादेत विशेष दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी किमान २५ ग्रॅम तंतुद्रव्ये व ४०० ग्रॅम फळे-भाज्या हे दैनंदिन प्रमाण सांगितले आहे.

३. सत्त्व

चोथ्याच्या विरुद्ध टोकास 'सत्त्व' हा शब्द उभा आहे. नाचणीचे सत्त्व, गुळवेलीचे सत्त्व, गव्हाचे सत्त्व या प्रयोगांत सत्त्व म्हणजे पदार्थातून वेगळा काढता येणारा सार. 'जीवनसत्त्व' ही संज्ञा याच कल्पनेवर उभी आहे, आणि तिच्यापुरती ती यथार्थही आहे. सडलेल्या तांदळावर जगणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसदृश रोग होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आयकमन यांनी दाखविले. १९१२ मध्ये फुंक यांनी अशा द्रव्यांस इंग्रजी नाव दिले. जीवनसत्त्वाचे लक्षण असे, की त्याच्या अभावी विशिष्ट रोग होतो व ते वेगळे काढून दिल्यास तो रोग बरा होतो.

वनस्पतींतील इतर अनेक द्रव्ये या लक्षणात बसत नाहीत. फळांना रंग व तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल, गाजर व पालेभाज्यांतील कॅरोटिनॉइड आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल यांच्या अभावाचा म्हणून निराळा रोग ओळखता येत नाही. म्हणूनच त्यांना काटेकोर अर्थाने पोषकद्रव्ये म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहे. १९९३ मध्ये हॉलंडमधील झुट्फेन गावच्या वृद्ध पुरुषांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चहा, कांदा व सफरचंद यांतून फ्लॅव्होनॉइड अधिक घेणाऱ्यांत हृद्रोगाने होणारे मृत्यू कमी होते. या व अशा निरीक्षणांवरून ही द्रव्ये वेगळी काढून गोळीतून द्यावीत, ही कल्पना पुढे आली.

परिणाम उद्बोधक ठरला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या असता फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. हा निष्कर्ष १९९४ चा. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृद्रोगाचे प्रमाण घटत नाही, हे २००० मध्ये 'होप' या प्रयोगात दिसले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉसमॉस' या प्रयोगात एकवीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा समावेश होता. कोकोतील फ्लॅव्हॅनॉल घेतल्याने हृद्रोगाच्या एकूण घटनांत निर्णायक घट आढळली नाही; हृद्रोगजन्य मृत्यूंत मात्र घट दिसली. याचा अर्थ ही द्रव्ये निरुपयोगी आहेत असा नव्हे. भाजी खाणारा मनुष्य एकच द्रव्य खात नाही; तो तंतू, पोटॅशियम, स्टेरॉल व रंगद्रव्ये एकत्र खातो, आणि तेवढ्या प्रमाणात दुसरे काही खाण्याचे टाळतो. हा समग्र परिणाम 'सत्त्व' या कल्पनेत मावत नाही.

वनस्पतिजन्य स्टेरॉलचे उदाहरण घेऊ. त्यांची घडण कोलेस्टेरॉलशी इतकी जुळती असते, की आतड्यात ती कोलेस्टेरॉलची जागा अडवून त्याचे शोषण कमी करतात. दिवसास २ ग्रॅम स्टेरॉल घेतल्यास एल्. डी. एल्. सुमारे ८ ते १० टक्क्यांनी उतरते. परंतु सर्वसामान्य जेवणातून मिळणारे प्रमाण २०० ते ४०० मिलिग्रॅम इतकेच असते. तेव्हा शेंगदाणे व तीळ खाऊन औषधाचे काम भागेल असे म्हणणे चूक. आणि प्रमाण अल्प म्हणून ते निरर्थक मानणे, हेही तितकेच चूक होय.

४. हृद्य

'हृद्य' हा शब्द आज मराठीत काव्यसमीक्षेपुरता उरला आहे. हृद्य प्रसंग, हृद्य सत्कार असे आपण म्हणतो. पाणिनीच्या व्याकरणात मात्र त्याला दोन वाटा आहेत. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात 'हृदय' या शब्दास 'प्रिय' या अर्थाने यत् प्रत्यय सांगितला आहे. त्यावरून हृद्य म्हणजे मनास आवडणारे. पाचव्या अध्यायात शरीराच्या अवयवांच्या नावांना 'त्यास हितकर' या अर्थाने तोच प्रत्यय विहित आहे. दातांस हितकर ते दन्त्य, तद्वत् हृदयास हितकर ते हृद्य. रूप एक, अर्थ दोन.

ही द्व्यर्थता आयुर्वेदात महत्त्वाची ठरते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात दहा-दहा द्रव्यांचे पन्नास गण आहेत. त्यांतील हृद्य गणात आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बदर, दाडिम व मातुलुंग यांचा समावेश होतो. मराठीत बोलावयाचे तर आंबा, अंबाडा, ओटीचे फळ, करवंद, रातांबा, बोरांचे दोन प्रकार, डाळिंब आणि महाळुंग. अम्लवेतसाच्या ओळखीविषयी मात्र एकमत नाही. म्हसळ्याच्या डोंगरउतारांवर व परसांत हिंडणाऱ्यास यांतील निम्मी झाडे ओळखीची वाटतील. शिवाय ही सर्व फळे आंबट आहेत, हेही ध्यानी येईल. तेव्हा येथे हृद्य म्हणजे हृदय या अवयवास हितकर, की तोंडास रुची आणून मनास प्रसन्न करणारे? आंबटपणा हे समान लक्षण पाहता दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. या गणाच्या आधारे कोकम हे हृद्रोगावरील औषध असल्याचा निर्वाळा देणे शब्दाच्या एका अर्थावरून दुसऱ्यावर उडी मारण्यासारखे आहे.

रसायनशास्त्र काय सांगते? रातांब्याच्या सालीत अँथोसायनिन ही लाल रंगद्रव्ये, गार्सिनॉल व हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल आढळते. प्रयोगशाळेत त्यांचे काही गुण दिसले आहेत. परंतु माणसांत हृद्रोग टळतो असे दाखविणारा भक्कम पुरावा नाही. तरीही आंबट चवीचा एक व्यावहारिक लाभ आहे. आंबटपणामुळे कमी मिठातही आमटी व कालवण रुचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मीठ दिवसास ५ ग्रॅमच्या आत आणि पोटॅशियम किमान ३,५१० मिलिग्रॅम असावे. मिठातील सोडियम रक्तदाब चढविते. केळी, कडधान्ये व पालेभाज्या यांतील पोटॅशियम मूत्रावाटे सोडियम बाहेर टाकण्यास व रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास साहाय्य करते. मात्र यासाठी मीठ न लावता वाळविलेले आमसूल हवे. भरपूर मीठ घालून टिकविलेला आगळ सोलकढीत सढळ हाताने ओतल्यास हेतूच विफल होईल. सुक्या मासळीबद्दलही हेच म्हणावे लागेल.

५. वनस्पती

मावशीला फसविणारा चौथा शब्द हा. संस्कृतात 'वनस्पति' म्हणजे वनाचा स्वामी, मोठा वृक्ष. शास्त्रीय मराठीत त्याचा अर्थ विस्तारून सर्व झाडेझुडपे त्यात आली. विसाव्या शतकात स्वयंपाकघराने त्याला तिसराच अर्थ दिला. १९३७ मध्ये 'डालडा' हे नाव भारतीय बाजारात आले, आणि थोड्याच काळात 'वनस्पती' म्हणजे डब्यातील पांढरे, रवाळ, तुपासारखे स्निग्ध, असा अर्थ घरोघरी रूढ झाला. मूळ पदार्थ वनस्पतीचे तेलच होते; परंतु निकेलच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करीत, आणि या क्रियेत स्निग्धाम्लांचे काही रेणू 'ट्रान्स' या वेगळ्या घडणीचे बनत. हे ट्रान्स स्निग्ध एल्. डी. एल्. वाढवितात व रक्षक मानला जाणारा एच्. डी. एल्. हा अंश घटवितात, असे हॉलंडमधील मेन्सिंक व काटान यांनी १९९० मध्ये दाखविले. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यांवर निर्बंध घातले. भारतात तेल व स्निग्धांतील ट्रान्स अंशाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणण्यात आली. अर्थात मावशीने डबा आणविला, तेव्हा ही मर्यादा लागू नव्हती.

'वनस्पतिजन्य ते हितकर' हे समीकरण आणखी एका ठिकाणी अडखळते, आणि कोकणी वाचकास ते ठिकाण रुचणार नाही. नारळाच्या तेलातील ८० टक्क्यांहून अधिक स्निग्धाम्ले संपृक्त असतात. शेंगदाणा, तीळ, मोहरी यांसारख्या असंपृक्त तेलांच्या तुलनेत ते एल्. डी. एल्. वाढविते. ओल्या खोबऱ्यात तंतू असतात, म्हणून वाटणातील मूठभर खोबरे आणि तळणीचे तेल यांना एकाच मापाने मोजू नये. पण हृद्रोग्याच्या घरी रोजचे तेल म्हणून खोबरेल निवडणे इष्ट नव्हे. याउलट रातांब्याच्या बियांतील मुठेल घट्ट असूनही त्यात स्टिअरिक आम्ल अधिक असते, आणि ते आम्ल एल्. डी. एल्. फारसे वाढवीत नाही. सारांश, स्निग्धाचा गुण त्याच्या कुळावरून ठरत नाही. तो त्यातील स्निग्धाम्लांवरून ठरतो.

६. समारोप

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला आहाराविषयीचा. हृदयाचे रक्षण करणारे एखादे गुप्त सत्त्व नाही. कोंडा राखलेले धान्य, नाचणी, कडधान्ये, पालेभाज्या, फळे, मूठभर दाणे, असंपृक्त तेल आणि बेताचे मीठ यांची दीर्घकाळ राखलेली मांडणी हेच ते रक्षण होय. म्हसळ्याच्या जुन्या ताटात तिचा मोठा भाग होता. ते ताट निर्दोष होते असे नव्हे. मीठ, खारवलेली मासळी व भाताचा ढीग हे त्याचे उणेपण. येथे एक इशाराही आवश्यक आहे. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध कार्य करते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पोटॅशियमबाबत वैद्याचा सल्ला घ्यावा. आणि आहार हा औषधांचा साहाय्यक आहे. त्याने औषधांची जागा घेऊ नये.

दुसरा निष्कर्ष आपल्या अभ्यासक्षेत्राविषयीचा. राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले व परिभाषेचे मोठे कार्य उभे राहिले. परंतु परिभाषा तज्ज्ञाने तज्ज्ञाशी बोलण्यासाठी असते. रुग्णाशी बोलताना 'तंतुमय' या एका शब्दाऐवजी 'असडीक तांदूळ, नाचणी, सालासकट कडधान्य, भेंडी' असे चार शब्द वापरणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते, कारण त्यांतून तीच वस्तू ताटात येते. 'वनस्पतिजन्य स्निग्ध' याऐवजी तेलांची नावेच लिहावीत. यासाठी प्रत्येक तालुक्यात धान्य सडण्याचे, भाज्या निवडण्याचे, आंबवण्याचे व टिकवण्याचे शब्द कोणते, याची नोंद हाती असावयास हवी. म्हसळ्यास असे शब्द जाणणाऱ्या स्त्रिया आज सत्तरीच्या पुढे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यासाठी हा विषय घ्यावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

मावशीच्या घरचा तो डबा पुढे रिकामा झाला आणि त्यात नाचणीचे पीठ भरले गेले. कागदाचा अर्थ तिला समजावून सांगण्यास लेखकास अर्धा तास लागला. त्यातील बराचसा वेळ, चोथा म्हणून आजवर जे टाकले त्यालाच डॉक्टर तंतू म्हणतात, हे तिला पटवून देण्यात गेला.